पीटी१०० चार अंश जास्त दाखवतोय: मॉड्युल बदलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पावडर कोटिंगच्या ओव्हनवर आठ पीटी१०० (तापमानाबरोबर रोध वाढणारे प्लॅटिनमचे सेन्सर) बसवले आहेत. ओव्हनपासून पॅनेलपर्यंत अर्धा स्क्वेअर एमएमची १८ मीटर केबल आहे. रीडिंग घ्यायला कीसाइटचं ३४९७०ए हे डेटा लॉगर आणि त्यात ३४९०१ए हे मल्टिप्लेक्सर मॉड्युल, म्हणजे रिलेने एकेक चॅनेल आळीपाळीने मोजणीला जोडणारं कार्ड. सगळे चॅनेल साधारण चार अंश जास्त दाखवतात. चॅनेल ६ मधूनच उड्या मारतो. चॅनेल ३ पाऊस लागल्यापासून बाकीच्यांच्या मानाने दोन अंश खाली गेलाय. चार-वायर जोडणी करून पाहिली, पण फरक जेमतेम अर्धा-पाऊण अंशाचा पडला. रीडिंग थेट ओहममध्ये नोंदवलं तर ५० अंशांच्या थोडं वर आलेखात खटका दिसतो. मॉड्युल गेलंय का, नवीन मागवू का, असं तुम्ही विचारलंय.

आत्ताच मागवू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत निदान तीन वेगवेगळे दोष एकत्र आलेत, आणि त्यातला एकही मॉड्युलकडे बोट दाखवत नाही. एकाच वेळी सगळ्यांच्या मागे लागलात तर गोंधळ होईल, म्हणून एकेक सुटा करू.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. हे उपकरण रोध थेट मोजत नाही. ते एक ठरावीक करंट सोडतं, टर्मिनलवर येणारं व्होल्टेज मोजतं आणि भागाकार करतं. तुमच्या कामाच्या रेंजमध्ये तो करंट १ मिलिअँपिअर आहे. त्या करंटच्या वाटेत जे जे येतं, म्हणजे केबल, लग (तारेच्या टोकाचा धातूचा तुकडा), रिलेचा कॉन्टॅक्ट, सेन्सरच्या हेडमधला (तारा जोडायच्या डबीतला) गंजलेला स्क्रू, ते सगळं सेन्सरच्याच नावावर जमा होतं. त्यामुळे चूक कुठल्या दिशेला आहे यावरूनच निम्मं निदान होतं. रीडिंग जास्त येत असेल तर सिरीजमध्ये काहीतरी वाढलंय. कमी येत असेल तर समांतर एखादी वाट फुटलीय, बहुतेक वेळा ओलाव्यामुळे. उड्या मारत असेल तर सैल जोड किंवा नॉइज. आणि बर्फात बरोबर पण गरम होत जाईल तशी चूक वाढत जाते, असं असेल तर सेटिंग तपासा. या उपकरणात आरटीडीसाठी (पीटी१०० सारख्या रोधावर चालणाऱ्या सेन्सरसाठी) ०.००३८५ आणि ०.००३९१ असे दोन अल्फा, म्हणजे रोध अंशामागे किती वाढतो त्याचे आकडे, मिळतात. आपल्याकडे मिळणारे पीटी१०० जवळपास सगळे ०.००३८५ चे असतात. चुकून दुसरा निवडला गेला तर १०० अंशांवर दीड ते पावणेदोन अंशांचा फरक पडतो आणि शून्यावर काहीच पडत नाही. तुमची चूक सगळीकडे सारखीच चार अंश आहे, म्हणजे तुमचा रोग हा नाही.

आता त्या चार अंशांचा हिशोब करू. पीटी१०० चा रोध शून्य अंशाला १०० ओहम, १०० अंशांना १३८.५१ ओहम. म्हणजे अंशाला ०.३८५ ओहम धरा. अर्धा स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला ०.०३५ ते ०.०३९ ओहम असतो. १८ मीटर जायचे आणि १८ यायचे, एकूण ३६ मीटर, म्हणजे सव्वा ते दीड ओहमच्या मध्ये. नुसत्या तारेनेच साडेतीन अंश खाल्ले. उरलेला अर्धा-पाऊण अंश मॉड्युलच्या आतली वाट आणि रिलेचे कॉन्टॅक्ट यांचा. दोन-वायरमध्ये तोही रीडिंगमध्ये मिसळतो. हिशोब चोख जुळतो.

इथे बरेच जण एक सोपा उपाय करतात: सरळ चार अंश वजा करून टाकतात. तसं करू नका. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो. केबलचा बराचसा भाग ओव्हनच्या छतावरून गेला असेल आणि तिथे ७० अंश तापत असेल, तर त्या भागाचा रोध पाचवा हिस्सा वाढलेला असतो. सकाळी ओव्हन थंड असताना बरोबर बसलेली वजाबाकी दुपारी अर्ध्या-पाऊण अंशाने चुकेल, आणि कुणाला कळणारही नाही. दिसणाऱ्या चुकीपेक्षा अशी लपलेली चूक वाईट.

मग चार-वायर करूनही फरक का पडला नाही? तुमच्या वर्णनावरून मला जवळजवळ खात्री आहे की तुम्ही चार-वायरचं सेटिंग केलंत, पण ओव्हनकडून येणाऱ्या तारा दोनच राहिल्या आणि मॉड्युलच्या टर्मिनलवर जंपर टाकून त्यांच्या चार केल्यात. असं केलं की रिलेचा रोध हिशोबातून जातो, पण केबलचा तसाच राहतो. तुमचा फरक नेमका अर्धा-पाऊण अंशच पडला, तो यामुळेच. चार-वायरचा अर्थ असा की दोन तारा करंट नेतात, दोन फक्त व्होल्टेज वाचतात, आणि या दोन जोड्या सेन्सरपाशीच एकत्र येतात. व्होल्टेज वाचणाऱ्या तारांमधून करंट जवळपास वाहतच नाही, म्हणून त्या कितीही लांब असल्या तरी व्होल्टेज पडत नाही. जोड जिथे आहे तिथपर्यंतचाच रोध पुसला जातो. जोड पॅनेलमध्ये असेल तर पुसलं फक्त पॅनेलमधलं.

३४९०१ए वर चार-वायर घेताना चॅनेल १ ची जोडी ११ शी लागते, २ ची १२ शी, अशी १० ची २० शी. १ आणि २ शेजारी शेजारी आहेत म्हणून त्यांची जोडी लावली तर जे रीडिंग येईल त्याला अर्थ नसतो. स्कॅनच्या यादीत फक्त १ ते १० मधलेच नंबर घालायचे, वरचे दहा उपकरण आपोआप घेतं. म्हणजे एका मॉड्युलवर चार-वायरचे दहा सेन्सर बसतात. तुमचे आठ आहेत, दोन जागा उरतात. त्या जागांचं काय करायचं ते शेवटी सांगतो. कोणी ३४९०८ए हे चाळीस चॅनेलचं मॉड्युल सुचवलं तर लक्षात असू द्या, त्यावर चार-वायर होतच नाही. तिथे सगळ्या चॅनेलची लो बाजू एकच असते.

तुमचे सेन्सर तीन शेपटांचे (सेन्सरमधून बाहेर येणाऱ्या तारांचे) आहेत, लाल-लाल-पांढरी, असं फोटोत दिसतंय. ३४९७०ए मध्ये तीन-वायरचं सेटिंग नाही, दोन किंवा चार एवढंच. म्हणून हेडपासून पॅनेलपर्यंत चार तारांची शिल्डेड केबल टाका. हेडमध्ये एका लालला करंटची हाय, दुसऱ्या लालला व्होल्टेजची हाय, आणि पांढरीला दोन्हींच्या लो तारा एकत्र. मग चूक उरते ती सेन्सरच्या आतल्या एका पांढऱ्या शेपटाएवढीच. मीटरभर बारीक शेपूट असेल तर ती ०.०८ ओहमच्या घरात, म्हणजे ०.२ अंश. तीही काढायची असेल तर हेडमध्ये लाल ते लाल रोध मोजा. तो दोन शेपटांचा रोध असतो, त्याचा अर्धा वजा करा. ही वजाबाकी चालते, कारण ती फारच लहान आहे आणि कामाच्या तापमानात फारशी बदलत नाही.

नवीन केबल टाकण्याआधी एक चाचणी मात्र कराच. १०० ओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर घ्या, ०.१ टक्क्याचा, २५ पीपीएमवाला (तापमानाने फारसा न बदलणारा). साधा एक टक्क्याचा घेऊ नका. एक टक्का म्हणजे एक ओहम, म्हणजे अडीच अंशांहून जास्त, मग चाचणीच फसते. चॅनेल १ वरची ओव्हनची तार सोडवा आणि हा रेझिस्टर थेट मॉड्युलच्या टर्मिनलवर चार-वायर पद्धतीने लावा. रीडिंग ९९.९ ते १००.१ च्या आत स्थिर आलं तर उपकरण आणि मॉड्युल दोन्ही ठीक. मग तोच रेझिस्टर घेऊन ओव्हनपाशी जा आणि सेन्सरच्या जागी केबलच्या टोकाला लावा. जे वाढेल ते केबलचं. सगळ्यात शेवटी सेन्सर जोडा आणि त्याला बर्फात घाला. बर्फ बारीक कुटलेला हवा, थर्मासमध्ये गच्च भरलेला, फटींत पाणी. पाण्यात तरंगणारे चार खडे म्हणजे शून्य अंश नव्हे. तळाशी तीन-चार अंश सहज असतात. सेन्सर भांड्याला टेकू देऊ नका आणि दहा मिनिटं थांबा. दोष या तीन पायऱ्यांपैकी एकीवर सापडतोच. माझ्या पाहण्यात येणाऱ्या दहातल्या आठ-नऊ तक्रारी दुसऱ्या पायरीवरच उलगडतात.

बर्फातलं रीडिंग पाहताना सेन्सरचा वर्ग विसरू नका. क्लास बी ला शून्य अंशावर ०.३ अंश सूट असते आणि १८० अंशांवर १.२. क्लास ए ला अनुक्रमे ०.१५ आणि ०.५१. आठ क्लास बी सेन्सर एकाच ठिकाणी बांधले तरी ते आपसात अंशभर वेगळे दाखवतील, आणि तो दोष नव्हे.

चाचणी करताना साधा मल्टिमीटर हाताशी असेल तर सांगून ठेवतो: सेन्सर मॉड्युलला जोडलेला असताना त्यावर मल्टिमीटर ओहममध्ये लावू नका. दोन्ही उपकरणं एकाच वेळी करंट सोडतात आणि दोन्हींची रीडिंग बिघडतात. शिवाय स्वस्त मीटर ०.१ ओहमच दाखवतो, तेवढ्यातच पाव अंश गेला. तार तुटली आहे का, एवढंच त्याने बघा.

आता चॅनेल ६. आधी दोष तारेबरोबर जातो का मॉड्युलबरोबर राहतो ते ठरवा. ६ आणि ७ च्या तारांची अदलाबदल करा, चार-वायर असेल तर १६ आणि १७ चीही. उड्या ७ वर गेल्या तर मॉड्युल सुटलं. मग पहिली नजर स्क्रूखालच्या टोकावर. आपल्याकडे अनेक वायरमन बारीक तारांच्या टोकाला शिसं (सोल्डर) लावून ते टोक स्क्रूखाली दाबतात. बसवताना ते छान घट्ट वाटतं, पण शिसं दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांत जोड सैल होतो. शिसं कापून टाका, तार नव्याने सोला आणि योग्य मापाचं फेरूल (तारेच्या टोकावर बसणारी धातूची नळी) क्रिम्प करा. त्यानंतर हेडमधले स्क्रू. तिथे उष्णतेने काळे पडलेले लग दिसतील. ते घासून चालवू नका, बदला.

उड्या फक्त ओव्हन गरम असतानाच येत असतील आणि थंड झाल्यावर सगळं सुरळीत होत असेल, तर सेन्सरच्या आतली तार तडकलेली असते. गरम झाली की फट उघडते, थंड झाली की मिटते. अशा सेन्सरला उपाय नाही, बदलावाच लागतो.

चार-वायरमध्ये एक फसवा प्रकार होतो, तो ओळखायला शिका. व्होल्टेज वाचणारी तार तुटली तर ओव्हरलोडच (रेंजबाहेरचं रीडिंग) येईल असं नाही. ती बाजू तरंगत राहते आणि आधीच्या चॅनेलवरून उरलेला चार्ज तिच्यावर टिकून राहू शकतो. अशा वेळी चॅनेल ६ जवळपास ५ सारखंच दाखवतो आणि सगळं ठीक वाटतं. शंका आली तर सेन्सर ५ गरम करा. ६ त्याच्या मागोमाग सरकला तर समजा ६ ची तार तुटलीय.

ओव्हरलोड आला की संगणकावर ९.९ई+३७ असा आकडा येतो. तुम्ही एक्सेलमध्ये सरासरी काढता असं लिहिलंय. त्या स्तंभात असा एक आकडा घुसला तरी अख्ख्या तासाची सरासरी वाया जाते. आधी गाळा, मग सरासरी काढा, आणि गाळलेले आकडे किती होते तेही नोंदवा. त्यांची संख्या वाढत चालली असेल तर जोड सैल होतोय.

चॅनेल ३ चा दोन अंशांचा फरक मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो बाकीच्यांपेक्षा जास्त नाही, कमी दाखवतोय. १८० अंशांना पीटी१०० चा रोध १६८.४८ ओहम असतो. तो दोन अंश खाली ओढायला समांतर फक्त ३८ हजार ओहमची गळती पुरते. पावसाळ्यात हेडमध्ये पाणी शिरलं, त्यात पावडर कोटिंगच्या धुलाई टाकीची वाफ आणि धूळ मिसळली, की पोर्सेलिनच्या टर्मिनल ब्लॉकवर एवढी गळती सहज होते. हेड उघडा. ओल, पांढरी बुरशीसारखी पूड किंवा हिरवट गंज दिसेल.

सेन्सरचं इन्सुलेशन तपासायचं असेल तर आधी दोन्ही टोकांकडून तारा पूर्ण सोडवा. मॉड्युल जोडलेलं असताना मेगर (जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन मोजणारा मीटर) कधीही लावू नका, इनपुट जळेल. शेपटं एकत्र बांधून शेपूट ते बाहेरची नळी असं १०० व्होल्टवर मोजा. ५०० व्होल्टचा मेगर इथे नको. थंड सेन्सरला १०० मेगाओहम किंवा जास्त यायला हवं. काही मेगाओहमच आलं तर सेन्सर ओव्हनमध्ये १२० अंशांवर काही तास सुकवा आणि पुन्हा बघा. सुधारला तर ओल टोकाशी होती. सुधारला नाही तर ओल नळीच्या आत मुरलीय, तो ठेवू नका. परत बसवताना ग्लँड (केबल हेडमध्ये शिरते तिथली घट्ट बसणारी कॉलर) योग्य मापाचा घ्या आणि केबल हेडमध्ये खालून शिरू द्या. तसं जमत नसेल तर ग्लँडच्या आधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळातून गळून जाईल. कोकणपट्टीत किंवा घाटमाथ्यावर कारखाना असेल तर हे जूनच्या आधीच करून घ्या.

तो ५० अंशांच्या वरचा खटका. ओहममध्ये ऑटोरेंज (रेंज आपोआप निवडणं) ठेवलं की हे उपकरण १०० ओहमची रेंज १२० ओहमपर्यंत वापरतं आणि मग एक किलोओहमवर जातं. १२० ओहम म्हणजे पीटी१०० वर ५१-५२ अंश. रेंज बदलली की मोजणीतली लहानशी चूक बदलते, आणि त्याची पायरी आलेखात दिसते. रेंज एक किलोओहमवर कायम ठेवा. किंवा थेट चार-वायर आरटीडी हे फंक्शन वापरा. तिथे रेंजची चिंता उपकरण स्वतःच करतं.

नॉइजसाठी इंटिग्रेशन, म्हणजे एका रीडिंगची सरासरी घेण्याचा वेळ, १० पीएलसी (विजेची आवर्तनं) ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक पीएलसी २० मिलिसेकंद. १० पीएलसीला प्रत्येक चॅनेलमागे निदान २०० मिलिसेकंद जातील. ओव्हनचं तापमान एवढ्या वेळात कुठे पळत नाही. हीटर एसएसआरवर (सॉलिड स्टेट रिलेवर) चालत असतील तर सेन्सरची केबल त्यांच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेऊ नका आणि शिल्ड फक्त पॅनेलच्या बाजूलाच अर्थ करा. ऑफसेट कॉम्पेन्सेशन (जोडांवरचे फुकट व्होल्टेज वजा करण्याची सोय) पीटी१०० ला फारसं लागत नाही. १ मिलिअँपिअरला एक अंश म्हणजे ३८५ मायक्रोव्होल्ट, त्यापुढे जोडांवरचे थर्मल व्होल्टेज सहसा लहान असतात. मोटरच्या वाइंडिंगसारखा एका ओहमच्या आतला रोध मोजत असाल तर मात्र ते चालू ठेवा.

याच विषयात दुसऱ्या कुणी विचारलं होतं, की एवढं महाग उपकरण नाही, आर्डुइनोवर ५ व्होल्ट आणि १०० ओहमचा डिव्हायडर करून पीटी१०० मोजला तर? नका करू. त्यातून २५ मिलिअँपिअर जातो, सेन्सरमध्ये ६० मिलिवॅटहून जास्त उष्णता तयार होते आणि तो स्वतःलाच तापवतो. हवेत लटकणाऱ्या सेन्सरला तर ते फारच जाणवतं. मॅक्स३१८६५ या आरटीडी वाचणाऱ्या चिपची छोटी पाटी (सर्किट बोर्ड) घ्या. त्यावर ४३० ओहमचा संदर्भ रेझिस्टर असेल तर एका काउंटला ०.०१३ ओहम, म्हणजे ०.०३ अंशांच्या आसपास मिळतं. दोन गोष्टी मात्र हमखास राहून जातात. एक, त्याचं फिल्टर सुरुवातीला ६० हर्ट्झवर असतं. ते कोडमधून ५० वर आणा. दोन, पीटी१००० साठीच्या पाटीवर ४३०० ओहमचा रेझिस्टर असतो. अशी पाटी पीटी१०० ला लावून कोडमध्ये ४३० लिहिलं तर रोध दहाव्या हिश्श्याचा येतो.

आता तुमच्या दोन रिकाम्या जागा. ९-१९ वर १०० ओहमचा तो ०.१ टक्क्याचा रेझिस्टर कायमचा लावा आणि १०-२० वर १८० ओहमचा तसाच. पीटी१०० च्या भाषेत ते शून्य अंश आणि २११ अंश झाले. तुमच्या ओव्हनचं सगळं काम या दोहोंच्या मध्ये बसतं. दोन्ही प्रत्येक स्कॅनमध्ये ओहममध्ये नोंदवा. हे दोन स्थिर आणि एखादा सेन्सर सरकतोय, तर दोष ओव्हनच्या बाजूला, पॅनेल उघडायची गरज नाही. हे दोन्ही एकाच प्रमाणात सरकू लागले तर उपकरणाकडे बघा. दोघांपैकी एकच सरकला तर आधी त्याच्या टर्मिनलचा स्क्रू तपासा, मग त्या चॅनेलच्या रिलेचा काउंट वाचा. हे उपकरण प्रत्येक रिले किती वेळा बंद झाला ते स्वतः मोजून ठेवतं. कॅलिब्रेशनला पाठवताना या दोन चॅनेलची वर्षभराची नोंद प्रिंट काढून सोबत द्या.